वाळूतली वस्ती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईत वाळू म्हटली की आपल्याला दोनच वाळू आठवतात. एक बांधकामाची, ट्रकमधून रस्ताभर सांडत जाणारी. दुसरी जुहूची, भेळ खाता खाता चपलेत शिरणारी. दोन्ही ठिकाणी ती आपल्या लेखी निर्जीवच. आज मी तुमच्याशी तिसऱ्या वाळूविषयी बोलणार आहे. ही वाळू घाटकोपरला एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, काचेच्या टाकीच्या तळाशी पसरलेली आहे. थर जेमतेम दोन इंचांचा. पण तिच्यात वस्तीला असलेल्यांची यादी करायची म्हटली, तर त्या सोसायटीचं सभासद-रजिस्टर पुरणार नाही.

टाकी माझ्या भाच्याची, आणि खाऱ्या पाण्याची. गप्पी आणि गोल्डफिश आपल्यापैकी पुष्कळांनी पाळलेले असतात. खाऱ्या पाण्याचा संसार त्यापेक्षा नाजूक. समुद्रावर जाऊन बादली भरून आणली, असं तिथे चालत नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात अळणी आणि गढूळ होतं, आणि शहराचं सांडपाणीही त्यातच जातं. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचं खास मीठ कालवायचं, हजार भागांत सुमारे पस्तीस भाग या प्रमाणात. तळाला वाळू घालायची. ती दुकानातून येते तेव्हा कोरडी आणि मुकी असते. तिला जाग आणायची तर कुणाच्या तरी जुन्या, मुरलेल्या टाकीतली मूठभर ओली वाळू आणून तिच्यावर पसरायची. थेट दुधाला विरजण लावतात तसं.

भाच्याचं विरजण चांगलं लागलं. दोनेक महिन्यांनी एका रात्री त्याचा फोन आला. "मामू, टाकीत किडे झालेत. काचेवर पांढरे ठिपके पळतायत आणि वाळूतून काहीतरी दोरे बाहेर येतायत." त्याने एका दुकानदाराला विचारलं होतं. त्या गृहस्थाने सांगितलं, की वाळू उपसून टाका आणि पाण्यात तांब्याचं औषध घाला. तांब्याचं औषध माशांच्या काही रोगांवर गुणकारी असतं, हे खरं. पण बिनकण्याच्या बहुतेक जिवांना ते विष आहे. म्हणजे सल्ला एवढाच होता, की कोण आहेत ते बघू नका, सगळ्यांना मारा.

मी कला शाखेचा पदवीधर. कविता लिहिणारा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. पण 'किडे' हा शब्द मला खटकला. कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते. एवढ्या ढोबळ शब्दावर त्याचं समाधान होत नाही. मी म्हटलं, "थांब. आधी कोण आहेत ते पाहू या. मारायचं काय, ते नंतरही मारता येतं." मग चार रविवार मी अंधेरीहून घाटकोपरला भिंग घेऊन जात होतो.

'किडे' या एका गोणीत सगळ्यांना कोंबण्याची सवय आपलीच आहे असं नाही. सजीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडनचा कार्ल लिनियस. त्याच्या १७५८ च्या प्रसिद्ध आवृत्तीत 'व्हर्मिस', म्हणजे कृमी, असा एक वर्ग आहे. कीटक आणि त्यांचे कवचधारी सोयरे वगळून उरलेले जवळजवळ सगळे बिनकण्याचे प्राणी त्याने त्यात भरले होते. गोगलगाय त्यात, तारामासा त्यात, गांडूळही त्यातच. फुलांच्या पाकळ्या आणि केसर मोजणारा एवढा बारकाईचा माणूस, पण वाळूतल्या जिवांपाशी आला आणि त्यानेही गोणीच उघडली. पुढच्या पिढ्यांना ती रिकामी करायला फार वर्षं लागली.

आमची पद्धत साधी होती. टाकीचा दिवा मालवायचा आणि तासभर वाट पाहायची. मग विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद लावून बघायचं. यांतल्या बऱ्याच जिवांना लाल उजेड नीट जाणवत नाही, त्यामुळे ते बिचकत नाहीत. चमचाभर वाळू टाकीच्याच पाण्यात, पांढऱ्या बशीत घ्यायची. नळाचं पाणी चुकूनही नाही. मग दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावून प्रश्न विचारायचे. पाय आहेत का? अंगावर वळी आहेत का? कवच आहे का? नळीत राहतो की मोकळा हिंडतो? चालतो, सरपटतो की उड्या मारतो? उत्तरं वहीत लिहायची, फोनवर फोटो काढायचा आणि बशी हलक्या हाताने पुन्हा टाकीत रिकामी करायची. रंगाने आणि आकाराने फसायला होतं. चाल मात्र सहसा फसवत नाही. गर्दीत ओळखीचा माणूस आपण दुरून चालीवरूनच ओळखतो, तसंच हे.

काचेवरचे पांढरे ठिपके सर्वांत आधी ओळखू आले. त्यांचं नाव कोपेपॉड. आकार मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. झटके देत पुढे जातात. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले. पुष्कळांना डोक्यावर मधोमध एकच डोळा असतो. मादी असेल तर शेपटीशी अंड्यांची थैली दिसते. नावाचा मूळ ग्रीक अर्थ काय, तर वल्ह्यासारखे पाय असलेला. मी वहीत लिहिलं, 'वल्हेपाय्ये'. समुद्रात असंख्य माशांच्या पिल्लांचं पहिलं अन्न हेच. आईच्या दुधाला लागलेल्या मुंग्या समजून ज्यांना मारायला निघालो, ते स्वतःच दूध होते, असं म्हणा ना.

दुसरे बाकदार पाठीचे, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे आणि आडवे होऊन पळणारे. ते ॲम्फिपॉड. हेच अंग वरून दाबल्यासारखं चपटं असेल, तर तो बहुधा आयसोपॉड. ओल्या कुंडीखाली बोट लावलं की गोळी होऊन बसणारा राखाडी जीव आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो याच आयसोपॉडांचा जमिनीवर राहायला आलेला नातलग.

वाळूतून बाहेर येणारे दोरे हा खरा भीतीचा विषय होता. नीट पाहिल्यावर कळलं, की दोऱ्यांचे धनी दोन आहेत. एकाची बारीक नळी वाळूत उभी, आणि तिच्या तोंडातून फक्त दोन लांब मिशा बाहेर येऊन पाण्यात चाचपडतात. तो स्पायोनिड. दुसऱ्याचे मात्र दहा-पंधरा दोरे, शीरखुर्म्यातल्या शेवयांसारखे वाळूवर पसरलेले. एकेका दोऱ्यावरून अन्नाचा कण घरंगळत बिळातल्या तोंडापर्यंत पोहोचतो. तो टेरेबेलिड. अंग बिळात सुरक्षित, आणि हात बाजारात! दोघंही वलयी प्राणी, म्हणजे आपल्या गांडुळाच्या गोतातले. दोघांपासून माशांना काडीचा उपद्रव नाही.

आणखी एक होता इवलासा तारा, पाच हातांचा. अंग तांदळाच्या दाण्याएवढं, हात मात्र त्याच्या कितीतरी पट लांब आणि ठिसूळ. हात तुटला तर पुन्हा उगवतो. त्यांच्यातली एक जात अंगातच पिल्लं वाढवते आणि तयार तारे बाहेर सोडते. त्यामुळे एक आला की काही महिन्यांनी वीस दिसतात.

आणि वाळूचे काही कण वाळूचे नव्हतेच. भिंगाखाली त्यांना गुंडाळलेला, नक्षीदार आकार होता. ती होती फोरॅमिनिफेरांची कवचं. एका पेशीचा जीव, आणि तो स्वतःसाठी चुन्याचं घर बांधतो. इजिप्तच्या पिरॅमिडांचे चुनखडीचे दगड अशाच मोठ्या फोरॅमिनिफेरांच्या कवचांनी भरलेले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तिथे गेला होता. दगडांच्या ढिगाऱ्यात त्याला मसुरीच्या डाळीसारखे चपटे गोल दाणे दिसले. मजुरांच्या जेवणातली डाळ उरली आणि तिचा दगड झाला, असं लोक सांगत, ते त्याने लिहून ठेवलं आहे. एवढी प्रचंड वास्तू ज्यांच्या देहांवर उभी आहे, ते कित्येक शतकं उष्टी डाळ म्हणून ओळखले जात होते.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळेच पाहुणे निरुपद्रवी असतात, असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये न्यूक्वे इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते आणि मासे नाहीसे होत होते. चोर सापडेना. अखेर २००९ मध्ये टाकी दगड दगड करून सोडवली, तेव्हा आतून जवळपास चार फूट लांबीचा अळईसारखा प्राणी निघाला. तिथल्या लोकांनी त्याला 'बॅरी' म्हणायला सुरुवात केली. तो युनिसिड कुळातला होता. या कुळाला बळकट जबडे असतात, आणि यांतल्या मोठ्या शिकाऱ्यांच्या डोक्यावर पाच मिशा असतात. आमच्या टाकीतही केसाळ अंगाचे, बोटभर लांबीचे काही लालसर प्राणी होतेच. त्यांना जबडे दिसले नाहीत, पाच मिशाही दिसल्या नाहीत. ते उरलंसुरलं अन्न आणि मेलेलं काहीबाही खाणारे सफाईवाले. फक्त त्यांना उघड्या बोटांनी धरायचं नाही. अंगावरचे काटे कुसळांसारखे कातडीत शिरतात आणि चरचरतात. शिरलेच, तर चिकटपट्टी लावून ओढून काढायचे.

म्हणजे ओळख पटवणं हे केवळ दयेचं काम नाही, ते शहाणपणाचं काम आहे. ओळखलं नाही तर आपण सफाईवाल्याला दरोडेखोर समजून मारतो. आणि क्वचित, दरोडेखोराला सफाईवाला समजून पोसतो. दोन्हींत नुकसान आपलंच.

ही वस्ती तिथे करते काय? मासा खातो, त्याची विष्ठा पडते, अन्न सडतं, त्यातून अमोनिया होतो. वाळूतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खालच्या थरात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. वाळूतले हे छोटे जीव अन्नाचे तुकडे बारीक करतात, बिळं पाडतात, थर खालीवर करतात. शेतात गांडूळ करतं तेच काम. त्यांना तांब्याचं औषध घातलं असतं, तर टाकी दोन दिवस लख्ख दिसली असती आणि मग मेलेल्यांच्या सडण्याने पाणी बिघडून मासेही गेले असते.

एवढं झाल्यावर मला जुहूचा किनारा वेगळाच दिसू लागला. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. नखाएवढा एक खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यावरचा अन्नाचा लेप चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरतीआधी त्याला आपलं बीळ गाठायचं असतं. भरती येते आणि सगळी नक्षी पुसून नेते. पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामावर हजर. त्याच वाळूतून कधीकधी काडीसारखी नळी वर आलेली दिसते, तिला शिंपल्यांचे तुकडे चिकटवलेले. कचरा समजून आपण ती पायाने मोडतो. ते एका वलयी प्राण्याचं घर असतं. टाकीतल्या त्या मिशाळ भाडेकरूचाच हा मोठा भाऊबंद.

या किनाऱ्याकडे बारकाईने पाहणारी माणसं आपल्या शहरात होऊन गेली आहेत. मरीन लाइन्सजवळचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथे जात. आता ते बंद आहे. त्या मत्स्यालयाशी दीर्घकाळ जोडलेले डॉ. बोमन छापगर यांनी १९५७ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या समुद्री खेकड्यांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अलीकडे, २०१७ मध्ये, प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ते सामान्य मुंबईकरांना ओहोटीला किनाऱ्यावर नेतात, दिसेल त्याचा फोटो काढायला लावतात, नाव शोधायला मदत करतात. बघता बघता लोकांना कळलं, की या काळपट पाण्याच्या शहरात प्रवाळ आहेत, समुद्री गोगलगायी आहेत, समुद्रफुलं आहेत.

आणि या ओळखीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर एक उदाहरण देतो. कठीण प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत २००१ मध्ये वाघाच्या पंगतीला बसवण्यात आलं. सागरी किनारा मार्गाचं काम हाजी अली आणि वरळीपाशी आलं, तेव्हा तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत हे नोंदलेलं होतं. म्हणून परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये ते प्रवाळ तिथून उचलून दुसरीकडे बसवावे लागले. हा उपाय पुरेसा होता की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण विचार तरी झाला, कारण त्यांना नाव होतं. त्याच खडकांच्या सांदीतली वाळू आणि तिच्यातली वस्ती भरावाखाली गेली, तिची कुणी परवानगी मागितली नाही. ती कुठल्याच यादीत नव्हती.

नावांचं हे राजकारण भाषेतही आहे. माझी आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठची. ओहोटीला कोयती घेऊन कालवं काढायला जाणारी. तिच्या तोंडी किनाऱ्याची केवढी नावं होती! तिसऱ्या, खुबे, कालवं, चिंबोऱ्या, करंदी, जवळा. वर्सोव्याच्या कोळीणबाईंकडेही तशीच नावांची रास. पण ही नावं नीट पाहिलीत तर लक्षात येईल, की ज्याचं कालवण होतं त्याला नाव आहे. ज्याचं होत नाही, तो किडा. ज्याला बाजारात भाव आहे, त्यालाच भाषेत नाव. यात कोळ्यांचा काही दोष नाही, त्यांनी त्यांच्या वाट्याची नावं ठेवली. उरलेल्यांची बारशी आपण लिहिणाऱ्यांनी करायची होती. ती राहिली आहेत.

माझ्या बाबतीत एक अनुभव सांगतो. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली, "मुस्लिम असूनही हे किती सुंदर मराठी लिहितात." टाळ्या झाल्या. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण 'असूनही' हा शब्द मला आजवर विसरता आलेला नाही. माझ्या आईने मला ज्या भाषेत कालवं आणि करंदी शिकवली, तिच्यात लिहायला मला कसली सवलत हवी होती? 'असूनही' म्हणणारा माणूस आधी गोणी उघडतो आणि मग समोरच्याकडे बघतो. खरी ओळख उलट्या क्रमाने होते. आधी बघायचं, पुष्कळ वेळ बघायचं, आणि मग नाव.

अजून किती ओळखी व्हायच्या आहेत, याचं एक आश्चर्य सांगतो. १९८३ साल आपल्याला कपिल देवच्या विश्वचषकासाठी आठवतं. त्याच वर्षी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ राइनहार्ट क्रिस्टेन्सन यांनी एक नवा प्राणी जाहीर केला. तो मिळाला होता फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाच्या रेताड गाळात. घाईत त्यांनी गाळ गोड्या पाण्याने धुतला, त्या धक्क्याने कणांना घट्ट चिकटलेले सूक्ष्म जीव सुटून आले. ते इतके वेगळे निघाले, की त्यांच्यासाठी प्राणिसृष्टीत अख्खा नवा संघ उघडावा लागला, 'लोरिसिफेरा'. नुसती नवी जात नव्हे, नवा संघ! कणा असलेले सगळे प्राणी, माशापासून माणसापर्यंत, मिळून एका संघात मावतात. तेवढ्या दर्जाचं एक घराणं, आणि ते चिमूटभर वाळूला चिकटून, १९८३ पर्यंत बिननावाचं राहिलं होतं. एक चौरस मीटर समुद्री वाळूत असे दहा-दहा लाख सूक्ष्म जीव सहज असतात, असं अभ्यासक सांगतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आपण ज्या किनाऱ्यांच्या शेजारी राहतो, जुहू, वर्सोवा, मढ, गोराई, तिथे असे किती चौरस मीटर आहेत, याचा हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा श्रोतेहो, एकदा ओहोटीला किनाऱ्यावर जा. वेळ काढायला वेधशाळा लागत नाही. कोळ्यांचं गणित आहे: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. आमच्या घरचं कॅलेंडरही चंद्राचंच, एखाददुसऱ्या दिवसाच्या फरकाने हा हिशेब त्यालाही लागू पडतो. समुद्राला दोन्ही कॅलेंडरं सारखीच कळतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. लाटा खवळलेल्या असतात, आणि निळ्या फुग्यांसारखे दिसणारे डंख मारणारे जीव किनाऱ्याला लागतात.

सोबत मुलं असतील तर न्याच. भिंग न्या. दगड उचललात तर पुन्हा होता तसा, होता त्या बाजूने ठेवा, कारण त्याच्या खाली कुणाचं तरी छप्पर आहे. काही घरी आणू नका. जे दिसेल त्याची चाल बघा, पाय मोजा, आणि मराठीत नाव सुचलं तर वहीत लिहून ठेवा. चुकलं तर कुणीतरी दुरुस्त करील. पण त्या वहीत 'किडा' एवढाच शब्द लिहून पान उलटू नका.